रक्तवाहिनीचे अस्तर आणि नायट्रिक ऑक्साइड : स्टेंट, बायपास व फिस्ट्युला झालेल्या कुटुंबांसाठी माहिती

आपल्या मंडळातल्या साठी ओलांडलेल्या घरांत ‘स्टेंट’, ‘बायपास’ आणि ‘डायलिसिस’ हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. गणपतीच्या मांडवात असो की कोजागिरीला, चार ज्येष्ठ एकत्र बसले की कोणाच्या किती रक्तवाहिन्या बंद होत्या आणि पुढे काय झाले, हा विषय निघतोच. अशा गप्पांतून तीन प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा आले. त्यांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हा लेख.

आम्ही डॉक्टर नाही. आमची पदवी वाणिज्य शाखेची आणि नोकरी बँकेतली. पण २०१२ साली आमच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत साधा स्टेंट बसला आणि सात महिन्यांत ती त्याच जागी पुन्हा अरुंद झाली. तेव्हापासून या विषयावर जे मिळाले ते वाचत आलो, डॉक्टरांना विचारत आलो. त्यातून जमलेली ही माहिती आहे. उपचाराचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

तीन प्रश्न, थोडक्यात उत्तरे

पहिला प्रश्न : स्टेंट घातल्यावर किंवा बायपास झाल्यावर रक्तवाहिनी पुन्हा अरुंद का होते? उत्तर : आतल्या जखमेवर शरीर व्रण भरते आणि काही वेळा तो गरजेपेक्षा जास्त भरतो.

दुसरा प्रश्न : नायट्रिक ऑक्साइड नावाचे औषध थेट त्या जागी सोडले की भिंत जाड होत नाही म्हणतात. ते हुबळीत मिळते का? उत्तर : ही कल्पना खरी आहे आणि प्राण्यांवर ती चांगली उतरली आहे, पण माणसांच्या नेहमीच्या उपचारात ती अजून आलेली नाही. हुबळीतच काय, मुंबईतही ते औषध म्हणून विकत मिळत नाही.

तिसरा प्रश्न : मग ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ पावडर घ्यावी का? उत्तर : डॉक्टरांना न विचारता नको. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर मुळीच नको. कारण पुढे दिले आहे.

ज्यांना एवढेच हवे होते त्यांनी शेवटचा ‘घरी काय पाहावे’ हा भाग तरी जरूर वाचावा. बाकीच्यांसाठी सविस्तर.

भिंत आणि तिचे अस्तर

रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा थर आधार देणारा, मधला स्नायूंचा आणि आतला अगदी पातळ. आतल्या थराच्या पृष्ठभागावर, जिथे रक्ताचा प्रत्यक्ष स्पर्श होतो, तिथे पेशींचे एकच पदरी अस्तर असते. फरशीसारख्या एकीला एक लागून बसलेल्या या पेशी, जाडीला फक्त एक पेशी. हृदयाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी आतून जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. त्यामुळे तिच्या भिंतीवर अर्ध्या-एक मिलिमीटरची जाडी चढली तरी केवढा फरक पडतो, हे लक्षात येईल.

बरीच वर्षे या अस्तराला कोणी फारसे महत्त्व दिले नव्हते. रक्त आणि भिंत यांच्यामधला पडदा, एवढीच त्याची ओळख होती. ती बदलली अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत. सशाच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या पट्ट्यांवर ते एका रसायनाचा परिणाम पाहत होते. त्याने पट्टी कधी सैल पडे, तर कधी उलट आवळे. कारण शोधता शोधता कळले की ज्या पट्ट्यांचे आतले अस्तर तयारी करताना खरवडले गेले होते, त्या सैल पडत नव्हत्या. अस्तर शाबूत असले तरच स्नायू सैल पडत. म्हणजे अस्तरातून काही तरी निरोप स्नायूंकडे जात होता. हे १९८० साली प्रसिद्ध झाले.

हा निरोप्या कोण, याचे उत्तर १९८७ साली मिळाले. लंडनमध्ये साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने आणि अमेरिकेत लुई इग्नारो यांनी तो एक साधा वायू असल्याचे दाखवले. तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक अणू, बस्स. फर्चगॉट, इग्नारो आणि फेरीद मुराद या तिघांना याबद्दल १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

धुरातला वायू शरीरात काय करतो?

या वायूशी आपली ओळख आधीपासूनची आहे. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग चालू असते किंवा बाह्यवळण रस्त्यावरून ट्रक धूर सोडत जातात, तेव्हा जास्त उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. हवेत तो पुढे नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि फुप्फुसांना त्रास देतो. दंतवैद्यांकडचा किंवा भूल देतानाचा ‘लाफिंग गॅस’ वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड. नावे जवळची असल्याने घोटाळा होतो, म्हणून एवढा खुलासा.

शरीरात मात्र हा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात, गरजेच्या जागी आणि गरजेच्या वेळी तयार होतो. अस्तराच्या पेशींमधले एक विकर आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून, ऑक्सिजनच्या मदतीने तो बनवते. रक्त जोराने वाहू लागले की अस्तरावर घर्षण वाढते आणि वायू जास्त बनतो. रोज चालण्याचा हृदयाला फायदा होतो त्याचे एक कारण हेही आहे.

तयार झालेला वायू चार कामे करतो. मधल्या थराच्या स्नायूंना सैल करतो, त्यामुळे रक्तवाहिनी रुंदावते. रक्तातल्या बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, भिंतीला चिकटू देत नाही, त्यामुळे गुठळी टळते. पांढऱ्या पेशींना भिंतीत घुसण्यापासून अडवतो, त्यामुळे सूज कमी राहते. चौथे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. तो मधल्या थरातल्या स्नायुपेशींना वाढू देत नाही. हे चौथे काम १९८९ साली अमेरिकेत उत्तम गर्ग आणि अविव हासिद यांनी उंदरांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवले.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी किंवा नायट्रोग्लिसरीनचा फवारा याच कुळातला. नायट्रोग्लिसरीन १८४७ साली इटलीत आस्कानियो सोब्रेरो यांनी तयार केले. आल्फ्रेड नोबेल यांनी त्यातूनच डायनामाइट बनवले. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली छातीच्या कळेवर तेच औषध म्हणून वापरून दाखवले. पुढे खुद्द नोबेल हृदयविकाराने आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीनच सांगितले होते. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते म्हणून आराम पडतो, हे कळायला मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले. ते शोधून काढणारे वर उल्लेख केलेले मुराद.

भिंत जाड का होते?

आंद्रेआस ग्रुंत्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवून अडथळा दूर केला. हीच अँजिओप्लास्टी. काम झाले, पण थोड्याच दिवसांत लक्षात आले की साधारण तीन रुग्णांमागे एकाची रक्तवाहिनी सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होते. कधी प्रमाण याहूनही जास्त असे.

कारण उघड आहे. फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत जे चुकून होत होते, ते फुगा फुगवताना नाइलाजाने होते. आतले अस्तर खरवडले जाते. मग घटना अशा क्रमाने घडतात. उघड्या पडलेल्या भिंतीवर काही मिनिटांतच प्लेटलेट्स चिकटतात. पुढच्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी जमतात आणि सूज येते. या दोन्हींमधून निघणाऱ्या रसायनांनी मधल्या थरातल्या स्नायुपेशी जाग्या होतात, वाढू लागतात आणि आतल्या बाजूला सरकून तिथे थर रचतात. एरवी ज्याने त्यांना आवरले असते तो नायट्रिक ऑक्साइड तिथे नसतो, कारण तो बनवणारे अस्तरच नसते. अस्तर कडेकडेने पुन्हा उगवत येते, पण त्याला काही आठवडे ते महिने लागतात. तोपर्यंत मैदान मोकळे.

आमची रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली तेव्हा आम्हांला वाटले की पथ्य चुकले, पुन्हा चरबी साठली. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावले की ही चरबी नव्हे, हा जखमेचा व्रण. गुडघा फुटल्यावर एखाद्याला जसा जाड वण उठतो, तसाच हा आतून. त्या दिवशी आमच्या मनावरचे अर्धे ओझे उतरले. आपल्यापैकी ज्यांना घरच्यांकडून ‘तुम्हीच गिरमिट आणि मिरची-भजी सोडली नाहीत’ असे ऐकावे लागले असेल, त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावे. पथ्य हवेच, पण पहिल्या काही महिन्यांत स्टेंटच्या आत आलेला अडथळा बहुतेक वेळा भज्यांचा नसतो.

हेच बायपासमध्येही होते. पायाची शीर काढून हृदयावर जोडतात तेव्हा ती ताणली जाते, धुतली जाते, आणि मग तिला एकदम रोहिणीचा दाब सोसावा लागतो. डायलिसिससाठी हातात रोहिणी आणि शीर जोडून जो फिस्ट्युला करतात, तिथेही शिरेला तोच मार बसतो आणि जोडाजवळ भिंत जाड होते. रक्तवाहिन्या वेगवेगळ्या, पण दुखणे एकच.

जागेवरच का द्यायचे?

अस्तर नसल्याने नायट्रिक ऑक्साइडची उणीव पडते, मग बाहेरून तो द्यावा, हा विचार सहज सुचतो. पण गोळीने किंवा श्वासातून देऊन भागत नाही. याची दोन कारणे आहेत.

एक म्हणजे हा वायू फार अल्पजीवी आहे. शरीरात तो काही सेकंदच टिकतो, आणि रक्तात शिरला की तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन त्याला लगेच गिळून टाकते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही रोख रक्कम जिथे काढली त्याच काउंटरवर खर्च करावी लागते, दुसऱ्या शाखेत पाठवता येत नाही. अस्तरापासून स्नायूंपर्यंतचे अंतर केसाच्या जाडीइतकेही नसते, म्हणून निसर्गाला ते जमते. नवजात बालकांच्या फुप्फुसांतील रक्तदाबासाठी हा वायू श्वासातून देण्यास अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. तिथे उपयोग होतो, कारण औषध जिथे पोचते तिथेच त्याचे काम असते.

दुसरे कारण म्हणजे सर्व शरीरभर पुरेल एवढी मात्रा दिली तर सगळ्याच रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळेल.

याचा हिशेब एका अभ्यासातून छान समजतो. फ्रान्समधला ‘अकॉर्ड’ अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७०० रुग्णांपैकी एका गटाला अँजिओप्लास्टीच्या वेळी नायट्रिक ऑक्साइड सोडणारे औषध शिरेतून आणि नंतर सहा महिने त्याच्याच जातीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटाला वेगळे औषध दिले. सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के आणि दुसऱ्यात ४६.५ टक्के होते. ऐकायला चांगले वाटते. पण आकडे उलगडले तेव्हा दिसले की पहिल्या गटाच्या रक्तवाहिन्या औषधामुळे सुरुवातीलाच थोड्या जास्त उघडल्या होत्या. नंतर भरून आलेला थर दोन्हीकडे सारखाच होता. आरंभीची शिल्लक जास्त, खर्च तेवढाच. भिंतीच्या वाढीवर गोळ्यांनी काही केले नव्हते.

प्रयोग कुठवर आले?

म्हणून संशोधकांनी वायू थेट जखमेपाशी पोचवण्याचे मार्ग शोधले. त्यांचे मुख्य प्रकार असे :

• जनुक पोचवणे. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचे जनुकच भिंतीत सोडायचे, म्हणजे भिंत स्वतः वायू बनवील. १९९५ साली उंदरांच्या मानेतल्या रोहिणीवर हे केले तेव्हा दोन आठवड्यांनी नव्याने भरलेला थर ७० टक्क्यांनी कमी आढळला.

• बाहेरून लेप. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी उघडी असतेच, तेव्हा तिच्याभोवती वायू हळूहळू सोडणारी पूड, जेली किंवा पातळ पट्टी लावायची. बायपास आणि फिस्ट्युलासाठी हा मार्ग सोयीचा वाटतो. अमेरिकेत मेलिना किबी आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी उंदरांवर याचे चांगले निकाल दाखवले.

• स्टेंटवर लेप. लेपातून वायू सुटत राहतो. अडचण अशी की साठा थोड्या दिवसांत संपतो आणि व्रण भरण्याचे काम काही आठवडे चालते.

• रक्तातूनच वायू मोकळा करणे. रक्तात नायट्रिक ऑक्साइड काही रेणूंना बांधलेल्या स्थितीत फिरत असतो. तांबे किंवा सेलेनियम असलेला लेप तो बांध सोडवतो. साठा लेपात नसून रक्तात असल्याने तो संपत नाही. मिशिगन विद्यापीठात मार्क मायरहॉफ यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले.

आपल्या जवळ पाहायचे तर पुण्याच्या आयसर संस्थेत हरिनाथ चक्रपाणी यांचा गट ठरावीक इशारा मिळाल्यावरच नायट्रिक ऑक्साइड सोडणारे रेणू तयार करत आला आहे. त्यांचा रोख रक्तवाहिन्यांपेक्षा जंतू आणि इतर आजारांकडे आहे, पण ‘हवे तिथे आणि हवे तेव्हा’ ही अडचण तीच.

मग एवढे सगळे असून औषध बाजारात का नाही? कारण उंदराची निरोगी रोहिणी आणि साठीच्या मधुमेही माणसाची जुनाट रोहिणी यांत फार अंतर आहे. प्राण्यांत उत्तम ठरलेले उपाय माणसांत फसल्याची उदाहरणे आहेत. बायपासची शीर जोडण्यापूर्वी एका औषधात बुडवून ठेवायची, अशी ‘प्रिव्हेंट-४’ नावाची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. औषध वेगळे होते, नायट्रिक ऑक्साइड नव्हे, पण जागेवरच उपचार हे तत्त्व तेच. ३,०१४ रुग्ण होते. २००५ साली निकाल आला. किमान एक जोडलेली शीर बिघडलेल्या रुग्णांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ४५ टक्के, न घेतलेल्यांत ४६. म्हणजे फरक शून्य. कोणी ‘संशोधनाने सिद्ध’ असे सांगितले की प्रश्न विचारावा : कोणावर सिद्ध? उंदरांवर की माणसांवर?

आज हाती काय आहे?

नायट्रिक ऑक्साइड जागेवर देणारे औषध हाती नसले तरी मधल्या काळात दुसऱ्या वाटेने बरेच साधले आहे.

औषधी स्टेंट. भिंतीची वाढ रोखणारे औषध लेपातून हळूहळू सोडणारा स्टेंट. पहिले असे औषध सिरोलिमस. ते ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले, आणि ते वेगळे काढणाऱ्या गटाचे प्रमुख होते सुरेंद्रनाथ सेहगल. अमेरिकेत २००३ साली या स्टेंटला मान्यता मिळाली. साध्या स्टेंटमध्ये पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण २० ते ३० टक्के होते, ते औषधी स्टेंटमुळे १० टक्क्यांच्या आत आले. पण यात एक गोम आहे. हे औषध स्नायुपेशींबरोबर अस्तराचीही वाढ मंदावते. जखम जास्त काळ उघडी राहते आणि गुठळीचा धोका लांबतो. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या इतके महिने घ्याव्या लागतात. नायट्रिक ऑक्साइड स्नायुपेशींना आवरतो आणि अस्तराला उगवू देतो. संशोधक त्याचा पिच्छा सोडत नाहीत ते यासाठीच.

किमतीबद्दल : फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली, कर वेगळा. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाखाच्या वर पैसे मोजावे लागत. पुढे या किमतींत फेरबदल होत गेले. बिलात स्टेंटचे नाव आणि किंमत वेगळी लिहून मागावी व ते कागद जपून ठेवावेत.

छातीची रोहिणी. बायपासमध्ये छातीच्या आतल्या बाजूची एक रोहिणी वापरली तर ती दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू राहते, पायाची शीर मात्र त्या मानाने लवकर बिघडते. १९८८ साली दिसून आले की या रोहिणीचे अस्तर शिरेच्या अस्तरापेक्षा जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडते. स्वीडनमध्ये डोमिंगोस सोझा यांनी पायाची शीर भोवतालच्या चरबीसह, न ताणता काढण्याची पद्धत आणली. अशी शीर जास्त काळ टिकते असे आढळले आहे, आणि अस्तर शाबूत राहणे हे त्याचे एक कारण मानतात.

आम्हांला यात या विषयाचे सार दिसते. नायट्रिक ऑक्साइड जागेवर पोचवणारे सर्वांत चांगले साधन अजूनही आपले स्वतःचे अस्तरच आहे. कुशल शल्यचिकित्सक बाहेरून वायू आणत नाही, आहे ते अस्तर वाचवतो. घरी आपल्यालाही तेच करायचे आहे.

फिस्ट्युलासाठी औषधी फुगा. भिंतीवर औषध लावणारा फुगा फुगवून अरुंद फिस्ट्युला उघडतात. ३३० रुग्णांच्या एका चाचणीत, २०२० साली, सहा महिन्यांनी फिस्ट्युला नीट चालू असण्याचे प्रमाण औषधी फुग्याने ८२ टक्के आणि साध्या फुग्याने ५९ टक्क्यांच्या वर होते. आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलता येईल.

पावडरी, बीट आणि जाहिराती

आपल्या ओळखीच्या एका ज्येष्ठांनी स्टेंट बसल्यानंतर तिसऱ्या महिन्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्या. फोनवर आलेल्या जाहिरातीतली ‘नायट्रिक ऑक्साइड’ पावडर ते घेऊ लागले होते, आणि गोळ्यांनी अंगावर निळे डाग उठतात म्हणून त्या नको झाल्या होत्या. मुलीने गोळ्यांचे पाकीट भरलेलेच पाहिले म्हणून वेळेवर कळले. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो झटका फार जीवघेणा असतो. त्यांचे नशीब बलवत्तर. सर्वांचे असेलच असे नाही.

अशा पावडरींत बहुधा आर्जिनिन असते. तर्क असा की कच्चा माल वाढवला की उत्पादन वाढेल. हे तपासण्यासाठी अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ जणांवर चाचणी झाली, निकाल २००६ साली आला. आर्जिनिन घेतलेल्या गटात ६ मृत्यू झाले, न घेतलेल्या गटात एकही नाही. फायदाही काही दिसला नाही. चाचणी मध्येच थांबवली. जाहिरातीत हे सापडणार नाही.

बिटाची गोष्ट थोडी वेगळी. बीट, पालक, मेथी यांत नायट्रेट असते. तोंडातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचा काही भाग नायट्रिक ऑक्साइड बनतो. रोज २५० मिलिलिटर बिटाचा रस चार आठवडे घेतल्यावर रक्तदाब थोडा उतरल्याचे एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. जेवणात भाकरीबरोबर मेथीची भाजी आणि बिटाची कोशिंबीर असणे चांगलेच, पण ते अन्न आहे, गोळीला पर्याय नव्हे. आणि डायलिसिसवर असलेल्यांना पालक-बिटातले पोटॅशियम घातक ठरू शकते, त्यांनी आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय रस घेऊ नये.

घरी काय पाहावे

स्टेंट झालेल्यांनी :
• रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत एक दिवसही चुकवू नयेत. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.
• चालताना किंवा जिना चढताना छातीत पुन्हा दडपण येऊ लागले, विशेषतः पहिल्या वर्षात, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नये. आम्ही दोन आठवडे थांबलो होतो, ती आमची चूक.
• सॉर्बिट्रेट बसून घ्यावी, चक्कर येऊ शकते. पौरुषशक्तीसाठी घेतात ती सिल्डेनाफिलसारखी गोळी नायट्रेटबरोबर कधीही घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे.

बायपास झालेल्यांनी :
• कोणती रोहिणी आणि किती शिरा जोडल्या, हे लिहिलेला कागद घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावा.
• अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी शस्त्रक्रियेनंतरही चालू असते. ‘ऑपरेशन झाले, आता कशाला’ असे म्हणू नये.

फिस्ट्युला असलेल्यांनी :
• रोज सकाळी फिस्ट्युलावर बोटे ठेवून थरथर जाणवते का पाहावे. थरथर मंदावली किंवा थांबली तर त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला कळवावे.
• त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये, त्या कुशीवर झोपू नये.

सर्वांनी :
• तंबाखू कोणत्याही रूपात नको. सिगारेट असो की गुटखा, अस्तराचे नुकसान होतेच.
• साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावेत. दोन्ही वाढले की अस्तराची वायू बनवण्याची क्षमता घटते.
• रोज अर्धा तास चालावे. तारिहाळ भागातल्यांनी ट्रकांची वर्दळ असलेला रस्ता टाळून पहाटे आतल्या रस्त्यांनी जावे.

एके काळी आपल्याकडच्या कुटुंबांना हृदयाच्या तपासणीसाठी मिरज किंवा मुंबई गाठावी लागे. आज अँजिओप्लास्टी हुबळी-धारवाडातच होते. नायट्रिक ऑक्साइड सोडणारा स्टेंट किंवा लेपही कधी तरी आपल्यापर्यंत येईल. तो माणसांवर पारखून आला की या पानावर आम्ही तशी नोंद करूच. तोवर कोणाला अशा उपचाराची किंवा पावडरीची जाहिरात आली तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवावी, आणि चालू गोळ्या बंद करू नयेत.